नगरपरिषदेला भिंत पाडता येते, धंदा थांबवता येत नाही: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: निवासी क्षेत्रातील बेकायदा व्यावसायिक वापर आणि तो रोखण्याचे नगरपरिषदांचे अधिकार.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या. अनेक शहरांत कित्येक वर्षे प्रशासक होते. आता पुन्हा नगरसेवक आहेत आणि लोक त्यांच्या दारात जाऊ लागले आहेत. पाणी, गटार, रस्ता या तक्रारींच्या मागोमाग प्रत्येक वॉर्डात एक तक्रार हमखास येते: आमच्या गल्लीत बंगल्याचे हॉटेल झाले, शेजारच्या प्लॉटवर भंगाराचे गोडाऊन आले, मागच्या मोकळ्या जागेत लॉन्स सुरू झाले, ते बंद करा. नगरसेवक मुख्याधिकाऱ्यांना फोन करतो, मुख्याधिकारी नगररचना विभागाला सांगतात, विभाग नोटीस काढतो. त्यानंतर काय होते ते मी नोकरीभर जवळून पाहिले. मी एका नगरपरिषदेच्या नगररचना विभागात कनिष्ठ अभियंता होतो, आता निवृत्त आहे. हे पत्र कोणाविरुद्धची तक्रार म्हणून लिहीत नाही. आपल्या खात्याच्या अखत्यारीत असलेला एक कायदा कुठे लुळा पडतो, ते आपल्यापुढे मांडायचे आहे.

कागदावर पाहिले तर नगरपरिषदेचा अधिकार भक्कम आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तिच्यात पहिला विषय नगररचनेचा आणि दुसरा जमिनीच्या वापराचे नियमन व इमारतींचे बांधकाम हा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नगरपरिषद ही नियोजन प्राधिकरण आहे. विकास योजना तिनेच करायची, झोन, म्हणजे कुठे राहणे आणि कुठे धंदा ते भाग, तिनेच आखायचे, आणि त्या योजनेविरुद्ध जागा वापरणाऱ्याला कलम ५३ ची नोटीसही तिनेच द्यायची. त्याच कायद्यात 'विकास' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की नुसता वापर बदलला तरी तो विकास ठरतो. एक वीटही न रचता घराचे गोडाऊन केले, तरी परवानगी लागते.

अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. अनधिकृत बांधकाम असेल आणि मालकाने नोटीस मानली नाही, तर नगरपरिषद स्वतः जाऊन ते पाडू शकते आणि खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करू शकते. पण बांधकाम रीतसर मंजूर असेल, भोगवटा प्रमाणपत्रही (इमारत वापरायला दिलेली परवानगी) असेल आणि फक्त वापर बेकायदा असेल, तर? तेव्हा कायदा नगरपरिषदेला सांगतो, खटला भरा. म्हणजे पॅनेलवरच्या वकिलाकडे फाइल द्या, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करा, पंच उभे करा, तारखा घ्या. एवढे करून आरोप शाबित झाला, तर विकास योजनेविरुद्ध वापर चालू ठेवल्याबद्दल कलम ५२ च्या दुसऱ्या पोटकलमात दंड आहे पाच हजार रुपयांपर्यंत. त्यानंतरही वापर चालूच राहिला तर दर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत.

महोदय, लग्नाच्या एका तारखेला लॉन्सचा मालक डेकोरेशनवाल्याकडून नुसते कमिशन घेतो, ते या दंडाच्या कित्येक पट असते. शंभर रुपये रोज म्हणजे महिन्याला तीन हजार. त्या भावात गावात टपरीसाठी जागाही भाड्याने मिळत नाही. ही तरतूद वाचून एकही धंदेवाईक माणूस घाबरत नाही, आणि घाबरावे असे तिच्यात काही उरलेलेही नाही. आमच्याकडे नोटीस बजावायला गेलेल्या शिपायाला चहा पाजून, 'साहेब, दंड किती ते सांगा, वर्षाचा एकदम भरतो' असे सांगणारे लोक होते. त्यांनी हिशेब बरोबर केला होता.

म्हणून प्रत्यक्षात होते ते असे. नगरपरिषदेला वापर थांबवता येत नाही, मग ती बांधकामातली चूक शोधते. पत्र्याची शेड, वाढवलेला गच्चीचा भाग, मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायच्या जागेत, टाकलेला भटारखाना. जेसीबी जातो, शेड पडते, वर्तमानपत्रात फोटो येतो. आठवड्याने शेड पुन्हा उभी राहते आणि धंदा त्या आठवड्यातही चालूच असतो. शेजाऱ्यांचा त्रास शेडमुळे कधीच नव्हता. तो गल्लीत उभ्या राहणाऱ्या शंभर गाड्यांचा, जनरेटरचा, रात्रीच्या बँडचा आणि सकाळी कुजत पडलेल्या उष्ट्याचा होता. आवाजाची तक्रार घेऊन गेले तर पोलीस म्हणतात, ही जागा निवासी असेल तर नगरपरिषदेकडे जा. नगरपरिषद म्हणते, दहानंतर आवाज असेल तर पोलिसांकडे जा. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे दोन्हीकडच्या लोकांना पाठ असते.

कोणी म्हणेल, नगरपरिषदा स्वतःच ढिल्या आहेत, अधिकार वाढवून काय होणार? या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो टाळणार नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागून १४ जण गेले. त्यानंतर लगेच, एका दिवसात, मुंबई महापालिकेने शहरभर तीनशेहून अधिक ठिकाणी बेकायदा भाग तोडले. ते तोडण्याचा अधिकार आदल्या आठवड्यातही होताच. जिथे अधिकार आहे तिथे तो न वापरणे हा महापालिकेचा दोष आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद कायद्यात ५६-अ मध्ये आहे. ती जरूर वापरा. पण माझ्यासारख्या कनिष्ठ अभियंत्याला एकीकडे 'कारवाई का केली नाही' म्हणून शिक्षेची भीती आणि दुसरीकडे हातात शंभर रुपये रोजाचे हत्यार, ही रचना न्यायाची नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आपल्यालाच लिहावे लागते, ती स्थगिती.

कलम ५३ च्या नोटिशीविरुद्ध मंत्र्यांकडे अपील करण्याची वाट या कायद्यात मला कुठे सापडली नाही. कलम ४७ चे अपील आहे ते परवानगी नाकारली किंवा अटी घालून दिली तर. नोटीस मिळालेल्या माणसाला परवानगीसाठी अर्ज करण्याची मुभा कलम ५३ मध्येच आहे, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. त्यात काही वावगे नाही, चूक दुरुस्त करायची संधी प्रत्येकाला मिळायला हवी. तरीही आमच्या फाइलींमध्ये मंत्रालयातून आलेली पत्रे असत: 'पुढील आदेशापर्यंत जैसे थे स्थिती ठेवावी व अहवाल सादर करावा.' अहवाल आम्ही सादर करायचो. पुढील आदेश येत नसे. सरकारे बदलली, खाती बदलली, पत्रावर सही करणारे कक्ष अधिकारी निवृत्त झाले. ते 'जैसे थे' मात्र फाइलमध्ये तसेच राहायचे आणि त्याच्या जोरावर लॉन्सचे दुसरे प्रवेशद्वार बांधले जायचे. शेजाऱ्यांना या पत्राची प्रत दिलेली नसायची. त्यांचे म्हणणे कोणी विचारलेलेही नसायचे. नगरपरिषदेच्या आदेशाला स्थगिती मिळते तेव्हा त्या गल्लीतली वीस घरे पक्षकारच नसतात, हे मला नोकरीतही पटले नाही आणि आजही पटत नाही.

यात एकट्या महाराष्ट्राचीच गोष्ट आहे असे नाही. शेजारी गोव्यात डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथे एका नाइट क्लबला आग लागून २५ माणसे मेली. त्यांत बहुतेक तिथे काम करणारे कामगार होते. आगीनंतर तिथल्या सरपंचांनी जाहीरपणे सांगितले की, पंचायतीने ते बांधकाम पाडण्याची नोटीस काढली होती आणि पंचायत संचालनालयातून तिला स्थगिती मिळाली. पंचायतीची यात चूक किती आणि वरच्यांची किती, ते तपास ठरवील. मला त्यातून एवढेच दिसते की, खालच्या संस्थेने काढलेल्या नोटिशीवर वरून हात ठेवला गेला आणि त्यानंतर ती जबाबदारी कोणाचीच राहिली नाही.

घाटकोपरचेही तसेच. १३ मे २०२४ रोजी वादळात कोसळलेला तो जाहिरात फलक १२० फूट बाय १२० फूट होता, महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० ची. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून महापालिकेचा परवाना लागत नाही, असा वाद आधीपासून चालू होता. १७ जण दगावले. शहरातल्या एखाद्या तुकड्यावर स्थानिक संस्थेचा नियम लागू नाही असे कोणी नुसते म्हटले, तरी तिथे नेमका कोणता धंदा येऊन बसतो, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

दुसरा प्रश्न परवान्यांचा. एखाद्याने निवासी बंगल्यात हॉटेल काढायचे ठरवले, तर त्याला काय काय मिळते पाहा. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी: २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर दहापेक्षा, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा, कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते, जागेचा झोन कोणी पाहत नाही. अन्न परवाना वेगळ्या खात्याकडून. दारू द्यायची असेल तर उत्पादन शुल्क. व्यावसायिक वीजमीटर महावितरणकडून. आणि आमच्याच नगरपरिषदेचा कर विभाग त्याच जागेला बिगरनिवासी दराने घरपट्टी लावून मोकळा होतो. कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की बेकायदा बांधकामावर कर किंवा शास्ती लावली म्हणून ते नियमित होत नाही. पण न्यायालयात उभा राहिलेला मालक हीच पावती पुढे करतो आणि म्हणतो, नगरपरिषदेने माझा धंदा मान्य केला आहे. एका इमारतीत बसणारे दोन विभाग एकमेकांना कागद पाठवत नाहीत, याची किंमत गल्लीतले लोक मोजतात.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल आपल्या खात्याकडे नक्कीच आला असेल. मेरठच्या शास्त्रीनगरात राहण्यासाठी दिलेल्या प्लॉटवर दुकाने बांधली गेली होती. न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश कायम ठेवला आणि सगळ्या राज्यांसाठी निर्देश दिले. अनधिकृत इमारतीत धंदा करण्याचा परवाना कोणत्याही प्राधिकरणाने, स्थानिक संस्थेनेही, देऊ नये, मग ती इमारत निवासी असो की व्यावसायिक. वीज-पाणी जोडणी आणि बँकेचे कर्जसुद्धा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावे. त्याआधी महिनाभर, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच न्यायालयाने बुलडोझरच्या प्रकरणात सांगितले होते की, पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी दिल्याशिवाय पाडापाडी करायची नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर कारवाईची रीत पुरेशी स्पष्ट आहे. परवाना देताना कडक राहा, पाडताना माणसाचे म्हणणे ऐका. राज्याने या दोन्ही निकालांवर एकच सविस्तर शासन निर्णय काढून तो प्रत्येक मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावा. कारण कनिष्ठ अधिकारी निकाल वाचून धाडस करत नाही. शासन निर्णय असेल तरच तो सही करतो.

इथे लहान धंदेवाल्यांबद्दल बोलणे भाग आहे, नाहीतर माझे म्हणणे उद्या त्यांच्याविरुद्ध वापरले जाईल. आपली गावे कधीच राहणे एकीकडे आणि धंदा दुसरीकडे अशी वसलेली नाहीत. पेठेत खाली दुकान, वर घर. ओसरीवर शिंप्याचे मशीन. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. विद्यार्थ्यांना डबे देणारी मेस चालवणारी एखादी काकू. युनिफाइड डीसीपीआरनेही, म्हणजे डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू झालेल्या नियमावलीनेही, निवासी भागात किराणा, डॉक्टरचा दवाखाना, वकिलाचे कार्यालय अशा वापरांना जागा ठेवली आहे. रस्ता रुंद असेल तर आणखी वापर चालतात. तेव्हा वस्तीतला धंदा म्हणजे बेकायदा धंदा, असा माझा मुळीच दावा नाही. पण मी हेही पाहिले आहे की, नोटिसा सगळ्यात आधी याच लोकांना जातात. लॉन्सवाल्याला नोटीस काढायची तर दहा फोन येतात, गिरणीवाल्यासाठी कोणाचाच फोन येत नाही. शिवाय ज्याला कायदा कळत नाही त्याच्याकडून चिरीमिरी काढणे सोपे. तुम्ही दंड वाढवाल आणि ही तफावत तशीच ठेवाल, तर दहापट दंडाची भीती दाखवून दहापट हप्ता घेतला जाईल. म्हणून दंड हा जागेच्या क्षेत्रफळावर आणि होणाऱ्या उपद्रवावर ठरला पाहिजे. शंभर चौरस फुटांतल्या मेसला आणि एकरभर लॉन्सला एकच आकडा नको.

खरोखर एखाद्या रस्त्याचे स्वरूपच बदलले असेल, दोन्ही बाजूंना दुकाने आली असतील आणि लोकांची हरकत नसेल, तर झोन बदलण्याची रीत कलम ३७ मध्ये आहे. जाहीर सूचना काढा, हरकती-सूचना मागवा, सुनावणी घ्या, फेरबदल मंजूर करा. ही वाट उघड आहे, तिच्यात शेजाऱ्याला बोलता येते. २०१७ मध्ये कलम ५२-अ आणून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे अटींवर नियमित करण्याची सोय झाली. गरीब कुटुंबांची घरे वाचली, ते मला मान्य आहे. पण त्या दिवसापासून प्रत्येक मोठ्या बेकायदा धंदेवाल्याचा वकील पुढच्या तारखेची वाट पाहत बसला आहे. अशी आणखी एखादी तारीख जाहीर करायची वेळ आली, तर व्यावसायिक वापराला तिच्यातून पूर्ण वगळा, एवढी विनंती आहे.

आता मागणे काय ते स्पष्ट सांगतो.

कलम ५२ आणि ५३ मध्ये दुरुस्ती करून वापर थांबवण्याचा थेट अधिकार नियोजन प्राधिकरणाला द्यावा. नमुना आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे सुरक्षेच्या अटी न पाळणाऱ्या इमारतीचे वीज-पाणी तोडता येते. त्याच धर्तीवर, नोटीस आणि सुनावणी होऊनही बेकायदा व्यावसायिक वापर चालू राहिला, तर त्या वापराची वीजजोडणी तोडण्याचा आदेश नगरपरिषदेने महावितरणला द्यावा आणि तो महावितरणवर बंधनकारक असावा. राहत्या घराचे पाणी तोडू नये. फक्त धंद्याचे मीटर.

स्थगिती द्यायचीच असेल तर ती लेखी, कारणांसह आणि ठरावीक मुदतीची असावी. तक्रारदार शेजाऱ्यांना ऐकल्याशिवाय ती देऊ नये आणि मुदत संपली की ती आपोआप संपावी. आजवर दिलेल्या आणि अजून उठवल्या न गेलेल्या अशा सगळ्या 'जैसे थे' पत्रांची नगरपरिषदनिहाय यादी आपल्या खात्याने प्रसिद्ध करावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. आपली एक सही पुरते.

गुमास्ता, अन्न परवाना, उत्पादन शुल्काचा परवाना आणि व्यावसायिक मीटर यांपैकी काहीही देण्याआधी झोन दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहणे सक्तीचे करावे. झोन दाखला अर्ज केल्याच्या दिवशी ऑनलाइन मिळाला पाहिजे, नाहीतर तीच नवी अडवणूक होईल.

आणि 'ब' व 'क' वर्ग नगरपरिषदांत नगररचनेचा एखादा कर्मचारी असतो, तोच बांधकाम परवानगी पाहतो, तोच अतिक्रमण, तोच निवडणुकीचे काम. त्याच्या हातात अधिकार देताना त्याला पाठीशी माणूस, वकील आणि बंदोबस्त द्या. बंदोबस्तासाठी पोलिसांना पत्रे लिहिण्यात आमचे महिने जात. ठरलेल्या मुदतीत बंदोबस्त देणे पोलीस ठाण्यावर बंधनकारक करावे.

राज्यात या निवडणुकांतून दोनशेहून अधिक नगरपरिषदा आणि २९ महापालिका पुन्हा लोकांच्या हाती आल्या आहेत. त्यांच्या सभेत पहिल्या वर्षी जेवढे ठराव होतील, त्यांपैकी बेकायदा वापरावरचे किती अमलात आले आणि किती वरून थांबवले गेले, याचा हिशेब आपण पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे. वर म्हटलेल्या दुरुस्त्यांचा मसुदा तयार करताना तळातल्या कामाचा अनुभव असलेले निवृत्त अभियंते आणि मुख्याधिकारी आपल्याला हवे असतील, तर पुष्कळ मिळतील. बोलावणे आले तर मीही माझ्या टिपणांसह मंत्रालयात येईन.

आपला,
नगररचना विभागातील एक निवृत्त कनिष्ठ अभियंता